तू काही पाहिलं नाहीस

गंगापूर रोड, नाशिक
६ जानेवारी २०२५

छायाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र फाडलं नसेल, तर आता बसून वाचा. फोन तुम्ही ब्लॉक केलाय. व्हॉट्सॲपवर माझे मेसेज तीन वर्षं एका टिकवर अडकलेत. शेवटी म्हटलं, धुळ्याला पोस्टमन तर येत असेल!

मी तक्रार करायला लिहीत नाही. तुमच्या भाचीसाठी लिहितेय. सायली दहा वर्षांची झाली. उंच झालीये, पुढचे दोन दात मोठे आलेत, केस तुमच्यासारखे दाट आहेत. अजून घरीच शिकते. झालं, आल्या ना कपाळावर आठ्या? राहू देत. लॉकडाऊननंतर शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं की हिचं कशातच लक्ष नाही, डॉक्टरांना दाखवा, गोळी देतात. सात वर्षांच्या पोरीला गोळी! मी दुसऱ्या दिवशी दाखला काढून आणला. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "पोरगी घरी, आप्पा घरी, आणि आप्पांचं डोकं असं. दोघांकडे लक्ष देशील का गं तू?" मी तोऱ्यात म्हटलं होतं, "माझं लक्ष आहे, ताई." तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतं.

घरी शिकवणाऱ्या आम्हा आयांचा गट आहे, दर शनिवारी इंदिरानगरच्या बागेत जमतो. लक्ष द्यायची सवय लावावी लागते, ती आपोआप येत नाही, हे मी तिथंच शिकले. धडा पंधरा मिनिटांचा, टायमर लावून. मुलासमोर एकच वस्तू ठेवायची, पान, फूल, दगड, काहीही. दोन मिनिटं तिच्याकडे बघायचं, मग पाठ फिरवून जे दिसलं ते सगळं सांगायचं. तेवढ्या वेळात दुसरं काही बोलायचं नाही, मान वर करायची नाही. आणि आईने कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. दहादा सांगणाऱ्या आईचं पोर पहिल्या नऊ वेळा ऐकत नाही. सायली यात अशी तयार झाली होती की गटातल्या बाया तोंडात बोट घालायच्या.

आता काय होतं ते सांगते. तिच्यासमोर पिंपळाचं पान ठेवलं. दोन मिनिटं बघितलं तिने, अगदी टक लावून. पाठ फिरवली. मी म्हटलं, सांग. तर म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

नाटक करते म्हणावं, तर चेहरा सरळ. शिंपला ठेवला, तेच. तुमच्या लग्नाचा फोटो ठेवला, तेच. हे आजचं नाही, बरीच वर्षं चाललंय. आधी वाटलं कंटाळली असेल, मग वाटलं वय आहे. कशामुळे होतंय, देव जाणे.

तुम्ही तिच्या आत्या, तुमचं ती ऐकायची. तिला एक फोन करा. माझ्याशी बोलू नका हवं तर, मी तिच्या हातात फोन देऊन स्वयंपाकघरात जाईन.

उज्वला


गंगापूर रोड
१९ जानेवारी २०२५

छायाताई,

फोन आला नाही. बरं.

मी हार मानणारी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळ्यांचं जमत नाही तर कानांचं करू म्हटलं. सकाळी दहाला चटईवर दोघी बसतो, डोळे मिटतो, पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. मग ऐकलेले आवाज सांगायचे. पहिल्या दिवशी तिने अकरा सांगितले. कुकर, शेजारचा मिक्सर, साळुंकी, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज. "मी काही ऐकलं नाही" असं म्हणाली नाही! मला इतका आनंद झाला की मी तिला शिरा करून घातला.

चौथ्या दिवशी असेच आवाज सांगता सांगता म्हणाली, "आजोबा चप्पल शोधतायत."

मी म्हटलं, कुठं गं? तर म्हणाली, "दाराशी. त्यांना त्यांची सापडत नाहीये." आणि पुढचा आवाज सांगायला लागली, भंगारवाल्याचा.

ताई, मी भुताखेताला मानणारी नाही. आपल्याकडे कुणी मानत नाही. पण त्या दिवसापासून रोज, न चुकता, यादीत ते असतात. कधी चप्पल शोधतात, कधी बेसिनपाशी खाकरतात. परवा म्हणाली, "ते तुझं बोट मागतायत." तुम्हाला आठवतं ना? आप्पांचं डोकं फिरल्यापासून घरात येईल त्याचा हात धरायचे आणि म्हणायचे, "बोट द्या, रक्त बघायचंय." मलेरिया खात्यातली तीस वर्षं अशी बोटांत येऊन बसली होती. दूधवाल्याचंही बोट धरायचे. कामवाली मैना तर हसून दहाही बोटं पुढे करायची. मी मात्र हात काढून घ्यायचे, मला वेळ नसायचा.

कालपासून मलाही ऐकू येतं. खरंच येतं. दाराशी रबरी चप्पल घासल्याचा आवाज. मी डोळे उघडले, तर सायली माझ्याकडेच बघत होती. तिने डोळे मिटलेलेच नव्हते. मला भीती वाटली. आवाजाची वाटलीच, त्याहून जास्त तिची वाटली, पोटच्या पोरीची.

दर पाडव्याला तुम्ही पेपरात आप्पांचा फोटो देता. तीन वर्षं झाली, तुम्ही दहावं करू दिलं नाहीत, माझे वडील जिवंत आहेत म्हणता. फोटोखाली तेच छापून येतं, "सावळीराम, वय ७८, पायात तपकिरी सँडल, दुपारी घराच्या मागच्या दाराने गेले, पंचवटीकडे दिसल्याचे कळते."

या वर्षी ते सँडलचं छापू नका.

उज्वला


गंगापूर रोड
२ फेब्रुवारी २०२५

छायाताई,

गेल्या पत्राचा शेवट वाचून तुम्ही फोन कराल असं वाटलं होतं. केला असतात तर मी काहीतरी सारवासारव केली असती. बरं झालं, नाही केलात.

आप्पा दुपारी गेले नाहीत. मागच्या दाराने गेले नाहीत. पंधरा मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमाराला, पुढच्या फाटकातून गेले. सायलीने पाहिलं. तिने मला सांगितलं. मी वळून बघितलं नाही.

समोर तेव्हा बिल्डिंगचं काम चालू होतं. पेठकडची मजूर मंडळी होती साइटवर. होळी दोन दिवसांवर आलेली, ती सगळी गावाला निघाली होती, पिकअप येऊन उभी होती. आम्ही चटईवर होतो. सायलीचं तोंड खिडकीकडे, माझी पाठ. मध्ये जास्वंदीचं फूल. टायमर लावलेला. सायली म्हणाली, "आई, आजोबा गाडीत चढतायत."

मी म्हटलं, "फुलाकडे बघ."

बस, एवढंच. तिने मान खाली घातली. पुन्हा म्हणाली नाही, कारण आमच्याकडे गोष्ट एकदाच सांगायची असते, तो नियम मीच केला होता. टायमर वाजल्यावर तिने पाठ फिरवून फुलाबद्दल एकोणीस गोष्टी सांगितल्या. एकोणीस, ताई! ज्या पोरीला गोळी द्या म्हणत होते तिने! मला जग जिंकल्यासारखं झालं. मी गटातल्या दोघींना फोन करून सांगत बसले. तिने आधी काय म्हटलं होतं ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बारा वाजता आप्पांचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा शिरलं.

धावत फाटकापर्यंत गेले. साइटवर चिटपाखरू नव्हतं.

तेव्हाही वेळ होता. यांना फोन करून म्हणायचं, पिकअप पेठकडे गेलीय, मागे जा. संध्याकाळपर्यंत आप्पा घरी आले असते. मी यांना फोन केलाही. यांनी विचारलं, "तू कुठं होतीस?" आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, दोघांकडे लक्ष देशील का गं तू. मी म्हटलं, "स्वयंपाकघरात. मागचं दार उघडं राहिलं." एकदा म्हटलं आणि मग त्यावरच इमारत चढवत गेले. वेळ दुपारची सांगितली, कारण सकाळी मी स्वयंपाकघरात नव्हते हे मैनाला माहीत होतं. त्यांचे सँडल कपाटात लपवून ठेवले. ते माझ्या निळ्या बाथरूम स्लिपर घालून गेले होते. मी दुसऱ्या दिवशी तशाच नव्या आणून ठेवल्या, कुणाला कळू नये म्हणून. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

संध्याकाळी पोलीस येणार होते. मी सायलीला मांडीवर घेतलं, केस विंचरले आणि सांगितलं, "तू काही पाहिलं नाहीस." तिने विचारलं, "पण मी पाहिलं ना?" मी म्हटलं, "नाही. तू फुलाकडे बघत होतीस."

तिने एकदाच ऐकलं आणि पक्कं धरलं. तशी सवय तिला मीच लावली होती.

मग तुम्ही धुळ्याहून आलात. पंधरा दिवस रामकुंड, गोदाघाट, धर्मशाळा पालथ्या घातल्यात. पाण्यात गळ टाकणाऱ्यांशेजारी तुम्ही उन्हात उभ्या, पदराने घाम पुसत. मी तुम्हाला घरून डबा पाठवत होते. यांनी एकदा पेठचं नाव काढलं होतं, आप्पांची नोकरी तिकडची ना. तर मीच म्हटलं, "पायी? या वयात?" आणि तुम्ही दोघांनी पेठचा विचार सोडून दिलात.

सांगितलं असतं तर घरशाळा बंद झाली असती. हे त्याचं कारण. आप्पांच्या जिवाच्या बदल्यात मला माझं म्हणणं खरं करायचं होतं. हे दुसऱ्या कुठल्याही शब्दात सांगता येतं का ते मी खूप पाहिलं, नाही येत.

तुमच्या भावाला काल सांगितलं. ताटावरून उठले. अजून बोललेले नाहीत.

सायलीलाही सांगितलं, की तू पाहिलं होतंस, तू सांगितलं होतंस, मी खोटं बोलले. तिने उठून माझ्याकडे पाठ केली आणि सांगायला लागली. पांढरी पिकअप, मागच्या फळीवर लाल रंगात "साई". निळा ड्रम. हिरव्या लुगड्यातली बाई, तिच्या कडेला बाळ. आजोबांचा पाय फळीवर पोचेना, एका माणसाने हात दिला. आतून कुणीतरी ओरडलं, "गोटीराम, म्हाताऱ्याला जागा दे!" आजोबा बसल्यावर त्यांनी बाळाचं बोट धरलं.

तीन वर्षं हे सगळं तिच्या आत तसंच्या तसं होतं. मी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

उज्वला


गंगापूर रोड
१७ फेब्रुवारी २०२५

छायाताई,

आधी बसा. जवळ कुणी असेल तर त्यांना हाक मारा.

आप्पा गेले. दोन वर्षं झाली. गोदावरीत नाही, रस्त्यावर नाही. पेठच्या पुढे एका पाड्यावर, चिमणाबाई नावाच्या बाईच्या घरी, अंथरुणात.

समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे जुन्या मुकादमाचा नंबर निघाला. गोटीराम म्हटल्यावर मुकादम लगेच म्हणाला, हो, आहे की. काल रविवारी आम्ही तिघं गेलो. सावळघाट उतरल्यावर सायलीला उलटी झाली तेव्हा यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, तेवढंच. डांबर संपलं तिथे गोटीराम उभाच होता. तिशीतला, हडकुळा. पहिलं वाक्य बोलला, "लय उशीर केला, साहेब."

त्याला वाटलं होतं म्हातारा साइटवरच्या कुणाचा तरी असेल. सगळे आपापल्या पाड्यावर उतरत गेले, आप्पा उतरेनात. शेवटी हा आपल्या आईकडे घेऊन गेला. ती चिमणाबाई. आप्पांनी दारातच तिचं बोट धरलं, आणि तिने ओळखलं. तिच्या लहानपणी गावोगाव फिरून रक्त घ्यायचा तो मलेरियावाला! पोलीस पाटलाला तिने कळवलं होतं. त्याने येऊन विचारलं, तर आप्पा म्हणाले, "मी इथलाच, माझं क्वार्टर मागे आहे." गावातल्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली, होता खरा इथं. मग कुणी पुढे गेलं नाही. पेपर तिथवर पोचत नाही, आणि पोचला असता तर त्यात पंचवटी लिहिलेली होती.

ओसरीत माझी निळी स्लिपर होती, पट्टा तारेने बांधलेला. चिमणाबाईच्या नातीने पाण्याला जाताना घातली.

आणि भिंत, ताई. आप्पा भेटीला गेले की घराच्या भिंतीवर तारीख टाकायचे ना, खात्याची पद्धत होती ती. चिमणाबाईच्या भिंतीवर खडूने तारखाच तारखा आहेत, खालपासून हात पोचेल तिथपर्यंत. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल प्रत्येक ठिकाणी ८७. पाऊस लागून पुसतील म्हणून तिने वरून ताडपत्री बांधलीय. पहिली तारीख १६ मार्च. शेवटची ९ फेब्रुवारी. अकरा महिने होते ते तिथे, आपल्यापासून दोन तासांवर, जिवंत, नाचणीची भाकरी खात. तुम्ही तेव्हा रामकुंडावर फोटो दाखवत फिरत होतात.

ताप आला, चार दिवसांत गेले. गोटीरामने आणि गावाने त्यांच्या रीतीने माती दिली. नाल्याच्या वरच्या अंगाला दगड ठेवलाय, तुमचे भाऊ तिथे गोटीरामबरोबर गेले. मी आणि सायली चिमणाबाईपाशी बसून होतो. तिने आम्हाला सगळं सांगितलं.

तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, पण तुमचं नाव होतं तोंडात. छाया कुठाय, छायाला बोलवा, असं म्हणायचे. त्यांना तुमची आठवण होती, ताई. एवढं मनाशी धरा.

गोटीरामचा नंबर आणि जायची वाट मागच्या पानावर लिहिली आहे. तुम्ही आलात तर हे तुम्हाला नेतील. मी येणार नाही.

उज्वला


गंगापूर रोड
१८ फेब्रुवारी २०२५

छायाताई,

कालचं पत्र पेटीत पडलं आणि आज हे दुसरं. दोन्ही एकदमच हातात पडतील कदाचित. पडली तर कालच्या पत्राच्या शेवटच्या भागावर विश्वास ठेवू नका.

सकाळी शेंगा सोलताना सायलीने विचारलं, आत्याला काय लिहिलंस? मी सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "आई, चिमणाबाई असं नाही म्हणाली."

खरं सांगते, वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तुला त्यांची भाषा समजली नसेल, तू लहान आहेस, तू नीट ऐकलं नाहीस. आणि हे खोटं तर चांगल्यासाठीच होतं ना, तुम्हाला तेवढाच आधार! पोरगी माझ्याकडे बघत होती. मी आता काय म्हणते याची वाट बघत होती. ताई, मला तेव्हा कळलं की मी आत्ता एक शब्द इकडचा तिकडे केला, तर ही पोर मला कायमची गेली.

मी शेंगांची सुपली बाजूला सारली, कागद घेतला. म्हटलं, "काय म्हणाली? सांग. मी लिहिते." तिने पाठ फिरवली. खाली लिहिलंय ते तिचं आहे, मी काही घातलेलं नाही.

"चिमणाबाई म्हणाली, म्हातारा दिवसभर बरा राही. ऊन उतरला का उठे. चप्पल घाली, काठी घेई, म्हणे, चला, निघतो. मी म्हणं, बाबा, कुठं जातां? तो म्हणे, घरी. उज्वला जेवायची थांबली असंल. मी गेल्याबिगर ती जेवत नाय. मी म्हणं, उज्वला कोण, लेक का तुमची? तो म्हणे, हां, लेक. मी इचारलं, किती पोरी? तो म्हणे, येकच. मग मी त्याला सांगं, बाबा, आज गाडी नाय, उद्या जा. तो म्हणे, बरं, मंग तिला निरोप धाडा, जेवून घे म्हणावं. रोज म्हणे. ताप व्हता तरी म्हणे."

मी त्यांच्यासाठी कधीच थांबले नव्हते, ताई. साडेअकराला माझं जेवण उरकलेलं असायचं, तुम्ही ते अनेकदा पाहिलंय आणि बोललाही आहात.

आप्पांनी तुमचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. घेतलं ते माझं.

सायलीने हे वाचून पाहिलं. बरोबर आहे म्हणाली.

उज्वला